विकतच्या शिफारशी

१

एप्रिल २०१२च्या शेवटच्या आठवड्यातल्या एका गुरुवारी आमचं दुकान गूगलवरून नाहीसं झालं.

खडकी बाजारातलं दुकान जागेवरच होतं. पाटी होती, आत चामड्याचा वास होता, बाकावर दोन पेशंट बसले होते. पण माझा पुतण्या तेजस संगणकासमोर पांढराफटक पडून बसला होता.

"काकू, 'मधुमेही बूट पुणे' टाकलं. आपण पहिल्या पानावर नाही. दुसऱ्यावर नाही. मी बाराव्या पानापर्यंत गेलो."

"मग तेराव्यावर जा."

"नाही आपण. कुठेच नाही."

मी शैला बेलसरे. मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची जाणीव गेली आहे, अशांसाठी मी पायाचा साचा घेऊन बूट बनवते. अशा माणसाच्या बुटात खडा गेला तरी त्याला कळत नाही. कळतं ते जखम चिघळल्यावर. हे काम करणारे पुण्यात तेव्हा फार थोडे होते. लातूर, परभणी, नांदेडहून माणसं येत. कशी येत? घरातलं कुणी तरी नेटवर शोधायचं, आमचं नाव वर दिसायचं आणि फोन यायचा. दिवसाला पंधरा-वीस. त्या गुरुवारी दोन आले, शुक्रवारी एक, आणि तोही वीजबिलाचा.

आमच्या साइटचं काम बघणारे रणजित कामठे शनिवारी स्वतः आले. वारजेला त्यांचं ऑफिस. नेहमी इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज मऊ.

"मॅडम, हा अपघात नाही," ते म्हणाले. "कुणीतरी तुमच्या नावाने विकतच्या लिंक टाकल्यात. हजारावर. तुम्हाला बुडवायला."

आणि त्यांनी बॅगेतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

२

लिंक म्हणजे काय, हे मला फेब्रुवारीतच कळलं होतं. दुसऱ्या कुणाच्या साइटवर आपल्या साइटचा दुवा असला की गूगल ती एक शिफारस धरतं. चांगल्या ठिकाणच्या शिफारशी जास्त, तितकं आपलं नाव वर.

दहा फेब्रुवारीला आम्ही वारजेत दुसरी शाखा काढायचं ठरवलं. त्याच दिवशी दुकानात बैठक झाली. मी, तेजस, रणजित आणि त्यांच्याकडे लेखनाचं काम करणारी नम्रता. रणजितनी एक छापील योजना आणली होती. तीन वाटा त्यांनी मांडल्या. पहिली, लिंका घाऊक विकत घ्यायच्या. महिन्याभरात नाव वर, पण पकडलं तर मुळासकट जाणार. दुसरी, मोठ्या साइटवर पैसे देऊन लेख छापायचे आणि 'जाहिरात' असं स्वच्छ लिहायचं; वाचून माणसं येतील, क्रमांक मात्र हलणार नाही. तिसरी, डॉक्टरांना, मधुमेहींच्या मंडळांना पत्रं लिहायची, आपलं काम दाखवायचं, आणि त्यांना पटलं तर त्यांनी आपणहून नाव द्यायचं. सहा महिने लागतील.

"पहिलीच घेऊ ना काकू," तेजस म्हणाला होता. "सगळे तेच करतात. शाखा जूनमध्ये सुरू होणार, सहा महिने थांबून काय करायचं?"

त्याला विरोध केला तो रणजितनीच. "विकतची शिफारस म्हणजे खोटं प्रशस्तिपत्र. पायांच्या बाबतीत तुम्ही ते कराल का, मॅडम?"

मला ते इतकं पटलं की त्याच दिवशी मी तिसऱ्या वाटेसाठी त्यांना दरमहा फी ठरवून दिली.

आणि आता त्यांनी आणलेला कागद माझ्या हातात होता. लिंक विकणाऱ्या कुठल्याशा माणसाला आलेल्या ई-मेलची ती प्रत होती. 'शैला बेलसरेंच्या साइटकडे अकराशे लिंका टाका.' तारीख सत्तावीस फेब्रुवारी. खाली नाव: सरुबाई फूटकेअर, खडकी.

सरुबाई फूटकेअर हे रतनचं दुकान.

रतन अकरा वर्षं माझ्याकडे कारागीर होता. साचा घेण्यात त्याच्यासारखा हात मी पाहिला नाही. जानेवारीअखेर तो माझ्याकडून निघाला आणि दोन गल्ल्या सोडून त्याने स्वतःचं दुकान टाकलं. मी तेव्हा तोंडाने शुभेच्छा दिल्या होत्या.

मी कागद घेऊन तशीच निघाले. भर बाजारात, दुपारी बाराला, त्याच्या दुकानाबाहेर उभी राहिले आणि ओरडले. अकरा वर्षांचं मीठ, विश्वासघात, चोर, जे तोंडाला आलं ते. चहावाला थांबला, भाजीवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या. रतन दारात आला. हातात आरी होती.

"मॅडम, मी काय केलं ते तरी सांगा," एवढंच तो म्हणाला.

मी सांगितलं नाही. परत फिरले तर माझ्यामागे काठीचा टक टक आवाज.

"तमाशा झाला असेल तर तो कागद मला दाखवा," मागून द्वारकाताई म्हणाल्या.

३

द्वारकाताई जगदाळे माझ्या पेशंट. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी विभागात होत्या, आता निवृत्त. डाव्या पायाला माझेच बूट.

दुकानात येऊन त्यांनी कागद चष्म्याजवळ धरून दोनदा वाचला.

"तुम्ही संगणक शिकलात का?" मी विचारलं. राग अजून उतरला नव्हता.

"नाही. पण आमच्याकडे एक नग खराब निघाला की तो कुठल्या हातातून आला ते शोधावं लागायचं. नग कसलाही असो. या अकराशे लिंकांची यादी आहे का?"

तेजसने गूगलच्या हिशोबातून यादी छापून दिली. जुगाराच्या साइट, केस वाढवायच्या गोळ्या, रशियन भाषेतली कसलीशी पानं, आणि सगळीकडे आमचं नाव. माझ्या पेशंटांच्या पायांची, त्यांच्या विश्वासाची शिफारस कोण करत होतं, तर जुगाराचे अड्डे! 

ताई पेन्सिलीने खुणा करत होत्या. तासाभराने म्हणाल्या, "या शेवटच्या तीनशे बारांपुढे 'पान सापडलं नाही' असं का?"

"ते सोडा," तेजस म्हणाला. "ते चुकीच्या पत्त्यावर गेलेत. आपल्या वारजे शाखेच्या पानाकडे टाकलेत, पण त्या पत्त्यावर पानच नाही."

"सोडा कसं? खराब मालातलासुद्धा खराब माल आहे हा. मला तोच बघायचाय." त्यांनी बोट ठेवलं. "पहिला कधीचा?"

"अठ्ठावीस फेब्रुवारी."

"आणि वारजेचं पान साइटवर कधी आलं?"

तेजस हळूच म्हणाला, "दोन एप्रिलला."

मी त्याच्याकडे पाहिलं. जे पान जगाला दिसतच नव्हतं, त्याच्याकडे महिनाभर आधी कुणी लिंक टाकली? वारजेची शाखा फेब्रुवारीत कुणाला माहीत होती? त्या बैठकीतल्या चौघांना. आणि त्या चौघांत लिंका विकत घ्या म्हणणारा एकच होता. माझा पुतण्या.

४

"मी नाही केलं काकू," तेजस म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता. "बोललो होतो, पण तुम्ही नाही म्हणालात तिथे विषय संपला."

 उत्तर द्वारकाताईंनी दिलं.

"रडू नकोस. तुझी परीक्षा घेते." त्यांनी कोरा कागद सरकवला. "वारजेच्या पानाचा पत्ता इंग्रजीत लिही. न बघता."

त्याने लिहिला. ताईंनी तारीख घातली, घडी केली आणि पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही रतनकडे गेलो. मी बाहेरच थांबणार होते. ताईंनी हाताला धरून आत नेलं.

"रतन, वारजेच्या पानाचा पत्ता लिहून दे."

"कुठलं वारजे?" रतन म्हणाला. "मॅडम वारजेत काही काढतायत होय?"

ताईंनी मान हलवली आणि काउंटरवरचं पावतीपुस्तक उचललं. वरचं छापील नाव पेनाने खोडलेलं होतं. 'रतन शू वर्क्स'वर रेघ मारून खाली 'सरुबाई फूटकेअर' असा शिक्का.

"नाव बदललंस?"

"आई गेली ना." त्याने हातातलं इनसोल खाली ठेवलं. "सहा मार्चला. पाटी पाडव्याला लावली, तिच्या नावाची. जुनी पुस्तकं छापून पडली होती, टाकून कशाला द्यायची?"

आई गेल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. सरुबाई माझ्याकडे दिवाळीला यायच्या, करंज्या घेऊन.

"म्हणजे सत्तावीस फेब्रुवारीला," ताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे नाव जगात नव्हतं."

तो ई-मेल खोटा होता. कुणी तरी नवी पाटी बघून मागची तारीख घातली होती. रस्त्यावर आल्यावर मी पदराने डोळे पुसले.

"आता रडायला वेळ नाही," ताई म्हणाल्या. "नम्रता कुठे भेटते?"

५

नम्रताने मार्चअखेर रणजितचं काम सोडलं होतं. ती वाघोलीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागली होती. तिचा पत्ता लागायला गुरुवार उजाडला. आम्हाला बघून तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, मी काही बोलू शकत नाही. सोडताना सही घेतलीय माझ्याकडून."

"बोलू नकोस, लिही," ताई म्हणाल्या. "वारजेच्या पानाचा पत्ता."

तिने लिहिला. "यातलं वारजे व्हीने आहे हं," ती सहज म्हणाली. "सरांच्या योजनेत डब्ल्यू होता. पण तेजस गावांची नावं व्हीनेच लिहितो, वाघोलीच्या शिबिराचं पानही तसंच आहे. बैठकीनंतर दोन दिवसांनी त्याने कोरं पान करून लपवून ठेवलं आणि मला पत्ता कळवला. मजकूर मी लिहिणार होते ना."

"आणि डॉक्टरांना पत्रं? तीही तूच लिहिणार होतीस."

नम्रताने खाली पाहिलं. 

त्याच संध्याकाळी दुकानात गेनबा नावाचे एक म्हातारे आले होते, वाघोलीचेच. सून हात धरून आणत होती. उजव्या पायाला बँडेज, त्यातून वास.

"कुणी तरी सांगितलं हुतं, खडकीत एक बाई बूट बनवत्यात," सून म्हणाली. "नाव ठावं नव्हतं. म्हून गेल्या गुरवारी मोबाइलवर शोधलं. तुमचं काय बी आलं न्हाई. चुंबकाच्या चपला आल्या. त्याच मागवल्या, दुसऱ्या दिशी घरी आल्या."

"लई छान लिवलं हुतं तिथं," गेनबा म्हणाले. "घातल्या. पायात काय बोचतंय त्ये कळतच न्हाई मला. आता डाक्टर म्हनत्यात, बोट काढावं लागंल. एक हाय, जाऊ द्या."

जाऊ द्या! माझा क्रमांक घसरला, फोन थांबले, हे सगळं मी दुकानाचं नुकसान म्हणून धरत होते. समोरच्या बँडेजमध्ये एका माणसाचं बोट होतं, आणि ते घालवणारा कुठे तरी पंख्याखाली बसला होता.

"रणजित कामठेंना फोन लाव," मी तेजसला म्हणाले.

"मी लावते," दारातून आवाज आला. नम्रता होती. आमच्यामागून बस पकडून आली होती. "पण आधी मला सगळं सांगू द्या."

ताईंनी हात वर केला. "थांब. आधी त्याची परीक्षा होऊ दे. तुझं ऐकून निकाल लावला असं कुणी म्हणायला नको."

६

रणजित दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आले. बरोबर आणखी एक कागद. अकराशे लिंका काढून टाकायचं काम ते करून देणार होते. त्याची वेगळी फी.

"रतनविरुद्ध तक्रार केलीत का?" त्यांनी विचारलं.

"करतोय," द्वारकाताई म्हणाल्या. "तुम्ही आमची साइट नेहमी बघता ना?"

"रोज सकाळी. आधी मॅडमची साइट, मग चहा."

"मग तक्रारीत घालायला वारजेच्या पानाचा पत्ता लिहून द्या. आम्हाला इंग्रजी जमत नाही."

रणजितनी खिशातलं पेन काढलं आणि वळणदार अक्षरात पत्ता लिहिला. डब्ल्यूने.

ताईंनी पिशवीतून दोन कागद काढून त्याच्या शेजारी मांडले. तेजसचा आणि नम्रताचा. दोन्ही व्हीने.

"आता ऐका," त्या म्हणाल्या. "तीनशे बारा लिंका डब्ल्यूच्या पत्त्यावर आहेत. तिथे पान कधीच नव्हतं. अशा लिंकने कुणी वर चढत नाही आणि खालीही जात नाही. ज्याला चढवायचं होतं त्याने पत्ता बरोबर दिला असता, आणि ज्याला बुडवायचं होतं त्यानेही. म्हणजे ज्याने दिला त्याला तो बरोबरच वाटत होता. रतनला वारजे माहीत नाही. तेजसने व्ही स्वतः केला आणि नम्रताला तोच कळवला. शैलाबाईंनी अकराशे लिंका घेऊन स्वतःला बुडवलं असेल, तर मग त्यांना वेड्यांच्या इस्पितळात न्या. उरला कोण? ज्याने फेब्रुवारीत कागदावर डब्ल्यू लिहिला, आणि त्यानंतर ती साइट एकदाही उघडून पाहिली नाही. रोज सकाळी, चहाच्या आधी."

रणजित हसले. "एका अक्षरावर आरोप करताय, आजी?"

"एका अक्षरावर मी अख्खा लॉट परत पाठवलाय. वरचे साहेब ओरडले, तरी."

आतल्या खोलीतून नम्रता बाहेर आली. तिच्या हातात छापील ई-मेल होता. रणजितनीच तिला पाठवलेला, पंचवीस फेब्रुवारीचा. डॉक्टरांची पत्रं पाठवू नकोस, मॅडमना दरमहा अहवाल मी देईन, लिंका घाऊक येतायत. तिची एकोणीस पत्रं लिहून तयार होती. एकही टपालात पडलं नव्हतं.

"तुम्हीच म्हणालात ना," मी विचारलं, "की ते खोटं प्रशस्तिपत्र आहे?"

"मॅडम, प्रॅक्टिकल व्हा." मऊपणा गेला होता. "पहिल्या दोन महिन्यांत तुमचे फोन वाढले की नाही? तेव्हा तक्रार केलीत? सगळा बाजार हेच करतो. गूगलने नियम कडक केले, त्याला मी काय करू?"

"आणि रतन? त्याला चोर ठरवायचं, तेही बाजार करतो?"

ते बॅगेची चेन ओढू लागले. मला चीड आली. लिंका विकत घेतल्या हे एक. पण माझ्याकडून पैसे घेतले ते लिंका विकत न घेण्याचे. ज्या प्रामाणिकपणाची फी मी देत होते, तो त्यांनी कधी पाळलाच नाही, आणि पकडले जाताना एका गरीब कारागिराच्या मेलेल्या आईचं नाव खाली टाकलं. पाटीवरून उतरवून घेऊन. वर तीच घाण उपसायची पुन्हा फी!

"लिहून द्या," मी म्हणाले. "सगळं. नाहीतर हे चारही कागद घेऊन मी तुमच्या प्रत्येक ग्राहकाकडे जाईन."

त्यांनी लिहून दिलं. सही केली. पांढऱ्या शर्टाच्या काखेत घामाचे डाग दिसत होते.

मी तरीही गेले. त्यांच्या चौदा ग्राहकांची नावं नम्रताकडे होती. एक दातांचा दवाखाना, एक वृद्धाश्रम, एक पापड करणाऱ्या बायकांचा गट. सहा जणांची साइट त्याच आठवड्यात गेली होती आणि प्रत्येकाला वेगळा शत्रू दाखवण्यात आला होता. ग्राहक मंचात आम्ही सातजणांनी मिळून तक्रार केली. ते प्रकरण पुढे तीन वर्षं चाललं.

७

पण त्याआधी, रणजित गेल्यावर लगेच, मी रतनच्या दुकानात गेले.

तो एका बाईच्या पायाचा साचा घेत होता. मी म्हणाले, "चुकलं माझं. तो कागद खोटा होता. मला माफ कर."

त्याने वर बघितलं नाही. "कागद खोटा होता हे मला तेव्हाही माहीत होतं, मॅडम. तुम्ही विचारलं नाहीत."

"म्हणून तर आले."

"आत आलात." त्याने प्लास्टरची पट्टी गुंडाळली. "शिव्या बाहेर दिल्या होत्या. तेव्हापासून लोक उधारीवर चामडं देईनात. मला बघून कुजबुजतात. माझी बायको भाजीला दुसऱ्या बाजारात जाते."

 मी बाहेर आले.

दुपारचे बारा वाजले होते. बाजार भरलेला होता. मी आयुष्यात कधी भाषण केलेलं नाही; दुकानाच्या उद्घाटनालाही माझ्याऐवजी दीर बोलले होते.  चहावाल्याने ओळखलं आणि किटली खाली ठेवली. त्याला वाटलं असणार, बाई पुन्हा भांडायला आली.

"ऐका हो सगळे," मी ओरडले. आवाज चिरकला. "गेल्या शनिवारी मी इथे उभी राहून रतनला चोर म्हणाले. ते खोटं होतं. त्याने काहीही केलेलं नाही. ज्याने केलं त्याने माझ्यापुढे सही करून दिलीय, हा कागद आहे, ज्याला वाचायचा त्याने वाचा. मी न विचारता, न बघता बोलले. चूक माझी. अकरा वर्षांत या माणसाने माझा एक टाकासुद्धा वाकडा घातला नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका भाजीवालीने तेवढं म्हटलं, "बरं झालं बाई, बोललात."  चहावाल्याने माझ्या हातातला कागद घेतला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओठ हलवत, वाचून काढला. मग तो शेजारच्या चामडेवाल्याकडे दिला.

रतन दारात येऊन उभा होता. हाताला ओलं प्लास्टर.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "आता जा, मॅडम. साचा वाळतोय माझा."

आणि तो आत गेला.